नागरिकत्वाचा अर्ज अडतो तो तारखांवर

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एडिसनला राहणारं जोडपं. दोघांच्याही ग्रीन कार्डवर ‘रेसिडेंट सिन्स’पुढे १० जून २०२१ ही तारीख आहे. मुलालाही त्यांच्याबरोबरच ग्रीन कार्ड मिळालं; तो २० नोव्हेंबर २०२६ ला अठरा पूर्ण करेल. आई ७२ वर्षांच्या. थोरला भाऊ अमेरिकन नागरिक असल्यामुळे त्याच्या अर्जावर त्या २०१९ पासून ग्रीन कार्डवर आहेत, पण दिवाळीच्या सुमारास पुण्याला जातात आणि चैत्रात परततात. साताऱ्याजवळ वारशाने आलेली शेतजमीन आहे. अमेरिकन नागरिकत्वासाठी कुणी कधी अर्ज करावा, त्यासाठीच्या परीक्षेची तयारी कशी करावी आणि भारतातल्या कागदपत्रांचं पुढे काय होतं, असं विचारलं आहे.

प्रश्नातला निम्मा मजकूर परीक्षेबद्दल आहे. परीक्षेला लोक उगाच घाबरतात. पाठांतराची सवय असलेल्या आपल्या माणसांना ती फारशी जड जात नाही. अर्ज अडतात ते तारखांवर आणि जुन्या कागदांवर, म्हणून आधी तेच घेतो.

एन-४००, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जासाठी ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं व्हावी लागतात. अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन त्याच्यासोबत राहत असाल तर तीन. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काढलेली वर्षं यात एक दिवसही धरत नाहीत, मग तुम्ही २००८ पासून इथे का असेना. पाच वर्षं पुरी होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. १० जून २०२६ पासून ९० दिवस मागे मोजले की १२ मार्च २०२६ येतो. इथे ‘तीन महिने’ मोजून १० मार्चला अर्ज टाकणारे असतात. एक दिवस जरी लवकर गेला तरी अर्ज नाकारला जातो आणि फी बुडते. त्यामुळे १२ तारखेच्या मध्यरात्री जागत बसू नका, १४-१५ मार्चला टाका. ज्या राज्यातून अर्ज करता तिथे आधीचे तीन महिने राहिलेलं असावं लागतं, तेव्हा त्या दरम्यान पेनसिल्व्हेनियात घर घेण्याचा विचार असेल तर जरा थांबा.

आता मुलगा, कारण तुमच्या घरात सगळ्यांत घाई त्याची आहे. २००१ पासून लागू असलेल्या चाइल्ड सिटिझनशिप ॲक्टप्रमाणे अठरा वर्षांखालचं मूल ग्रीन कार्डवर असेल, अमेरिकेत राहत असेल आणि नागरिक झालेल्या पालकाच्या ताब्यात असेल, तर पालक नागरिक होतो त्या क्षणी तेही आपोआप नागरिक होतं. वेगळा अर्ज नाही, परीक्षा नाही. मात्र इथे धरली जाते ती पालकाच्या शपथेची तारीख. अर्जाची नाही आणि मुलाखतीचीही नाही. मार्चच्या मध्यापासून २० नोव्हेंबरपर्यंत आठ महिने मिळतात. अर्ज ते शपथ हा काळ कुठे पाच-सहा महिन्यांत आटपतो, तर कुठे वर्ष लागतं. म्हणून दोघांनीही एकाच दिवशी अर्ज करा. दोघांपैकी एकाची शपथ वेळेत झाली तरी मुलाचं काम होतं. अर्जासोबत मुलाची जन्मतारीख ठळकपणे सांगणारं एक पानी पत्र जोडा आणि मुलाखतीत अधिकाऱ्याला तोंडीही सांगा की शपथविधी त्याआधीचा हवा आहे. ऐकलं जाईलच असं नाही, पण न मागणाऱ्याला तर नक्कीच मिळत नाही. तारीख हुकलीच तर आभाळ कोसळत नाही: मुलगा अठरा झाल्यावर स्वतःचा एन-४०० भरेल, कारण त्याचीही पाच वर्षं झालेली असतील. फी वेगळी आणि परीक्षा त्याची त्यालाच द्यावी लागेल. अठराव्या वाढदिवसानंतर ३० दिवसांत सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (लष्करभरतीसाठीच्या यादीत) नाव नोंदवायला विसरू नका. ग्रीन कार्डवरच्या १८ ते २५ वयाच्या मुलांना ही नोंदणी सक्तीची आहे. ती राहून गेली की पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत ‘का केली नाहीत?’ याचं उत्तर देत बसावं लागतं.

मुलगा आपोआप नागरिक झाला की त्याचा पुरावा म्हणजे अमेरिकन पासपोर्ट. तुमचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, त्याचं ग्रीन कार्ड आणि जन्मदाखला घेऊन डीएस-११ फॉर्मवर तो काढता येतो. एन-६०० चं वेगळं प्रमाणपत्र तेराशे डॉलरच्या वर जातं. ते नंतर सवडीने काढलं तरी चालतं. जन्मदाखला मात्र आजच कपाटातून काढून बघा. महाराष्ट्रातल्या पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद दवाखान्यातून होते आणि बारसं नंतर. आई-वडिलांची नावं असतात, मुलाचं नसतं. नगरपालिकेत किंवा महापालिकेत अर्ज करून ते नाव घालून घेता येतं, पण पुण्या-साताऱ्यातल्या कुणाला तरी त्यासाठी खेटे घालावे लागतील. दाखला फक्त मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर करणाऱ्याने त्याखाली सही करून लिहायचं की आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे. नोटरी लागत नाही.

आईंचं प्रकरण वेगळं आहे आणि इथेच बहुतेक घरांत गल्लत होते. दोन वेगवेगळ्या अटी आहेत आणि त्या स्वतंत्रपणे मोजतात. पहिली, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत निदान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस प्रत्यक्ष अमेरिकेत हजर असणं. दुसरी, सलग वास्तव्य न तुटणं. एकच फेरी सहा महिन्यांहून लांबली तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात. ते तुटलं नाही हे सिद्ध करणं आपल्या अंगावर येतं. फेरी एक वर्ष किंवा जास्त झाली तर पुराव्यालाही जागा राहत नाही आणि घड्याळ नव्याने सुरू होतं. रीएंट्री परमिट (लांबच्या फेरीनंतर परत येण्याचा परवाना) घेतलं होतं म्हणून वाचलो, हा मोठा गैरसमज आहे. त्या परमिटने ग्रीन कार्ड वाचतं, नागरिकत्वासाठीचं वास्तव्य नाही.

तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे चार फेऱ्या साधारण १७० दिवसांच्या, आणि २०२२-२३ ची एक गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे १९८ दिवसांची. चार गुणिले १७० म्हणजे ६८०, अधिक १९८, एकूण ८७८ दिवस बाहेर. पाच वर्षांचे १,८२६ धरले तर ९४८ दिवस इथे. ९१३ ची अट ३५ दिवसांनी पार. पण त्या १९८ दिवसांनी दुसऱ्या अटीला खीळ घातली आहे. पहिली अट पार झाली की सुटलो असं समजून अर्ज टाकतात आणि मुलाखतीत अधिकारी नेमक्या त्याच फेरीवर बोट ठेवतो.

फेरीचे दिवस मोजतानाही नीट मोजा. निघायचा दिवस आणि परतायचा दिवस, दोन्ही अमेरिकेतले धरतात. समजा ३ नोव्हेंबरला संध्याकाळी न्यूअर्कहून विमान सुटलं आणि २२ एप्रिलला परत न्यूअर्कला उतरल्या; तर बाहेरचे दिवस ४ नोव्हेंबर ते २१ एप्रिल, म्हणजे १६९. भारतीय पासपोर्टवरचा मुंबईचा शिक्का ४ किंवा ५ नोव्हेंबरचा असेल, कारण विमान रात्रभर हवेत होतं. शिक्के बघून फॉर्म भरला की प्रत्येक फेरीत एक-दोन दिवसांचा फरक पडतो. विमानाच्या तिकिटांचे ईमेल शोधा, त्यांच्याशी शिक्के ताडून पाहा आणि एका कागदावर यादी करून मुलाखतीला न्या. जुने, रद्द झालेले पासपोर्टही सोबत ठेवा.

त्या १९८ दिवसांसाठी काय दाखवता येईल? आधीचं काढलेलं परतीचं तिकीट आणि ते बदलल्याचा ईमेल, पुण्याच्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, प्रवास करू नये असं सांगणारं डॉक्टरांचं पत्र. त्यासोबत त्या काळातही घर अमेरिकेतच होतं हे दाखवणारे कागद: इथलं बँक खातं, आरोग्य विमा, राज्याचं ओळखपत्र, टॅक्स रिटर्न. हे सगळं जमत असेल तर आता अर्ज करायला हरकत नाही. जमत नसेल तर थांबावं, असं माझं मत. ती फेरी १ नोव्हेंबर २०२२ च्या आसपास सुरू झाली असेल, तर डिसेंबर २०२७ मध्ये अर्ज केल्यावर तिचे सुरुवातीचे दिवस पाच वर्षांच्या बाहेर पडतात आणि आत उरलेला भाग सहा महिन्यांखाली येतो. मात्र तोवर पुढची प्रत्येक फेरी पाच महिन्यांतच आटोपती घ्यायला हवी. साडेपाच महिन्यांचं तिकीट काढायचं आणि मग नातवाच्या मुंजीसाठी दोन आठवडे वाढवायचे, हे आता चालणार नाही.

आईंच्या बाबतीत आणखी एक. ‘ज्येष्ठांना मराठीत परीक्षा देता येते’ असं महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत सर्रास ऐकायला मिळतं. अर्धंच खरं. पन्नाशी उलटलेली आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा पंचावन्न उलटलेली आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली असतील तरच इंग्रजी माफ होतं आणि दुभाषा नेता येतो. पासष्ट वर्षं आणि २० वर्षं ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नही फक्त वीस निवडक. वर्षं ग्रीन कार्डची मोजतात, वयाची नुसती नाही. २०१९ चं कार्ड म्हणजे आईंना २०३४ पर्यंत सवलत नाही. त्यांना इंग्रजीत बोलणं, वाचणं, लिहिणं दाखवावं लागेल. स्मृतिभ्रंशासारखा आजार असेल तर परीक्षेतून सूट मागायला एन-६४८ फॉर्म आहे, पण तो अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरने किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने भरायचा असतो. आजारामुळे नवीन शिकणं कसं अशक्य होतं हे त्यात स्पष्ट लिहावं लागतं. ‘वय झालं, विसरायला होतं’ एवढ्यावर तो परत येतो.

तुम्हा दोघांच्या अर्जात फेऱ्यांची अडचण दिसत नाही, तेव्हा टॅक्सकडे बघा. ग्रीन कार्ड मिळाल्या दिवसापासून जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवायचं असतं. एनआरई (अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या) खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथेही दाखवायचं नाही, ही सगळ्यांत पसरलेली चूक. एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या कमाईचं) खातं, मुदत ठेवी, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं, आईंचं निवृत्तिवेतन आणि व्याज, सगळं त्यात येतं. परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर हा परदेशी खात्यांचा अहवालही भरायचा. मागचं राहिलं असेल आणि हेतू लपवण्याचा नसेल, तर स्ट्रीमलाइन्ड पद्धतीने तीन वर्षांची रिटर्न आणि सहा वर्षांचे एफबीएआर दुरुस्त करता येतात. ते नागरिकत्वाच्या अर्जाआधी करा. अर्जात थकीत कराबद्दल आणि ग्रीन कार्डनंतर स्वतःला ‘नॉनरेसिडेंट’ म्हणवून रिटर्न भरलं का, असं थेट विचारलेलं असतं. आयआरएस या अमेरिकी करखात्याच्या संकेतस्थळावरून पाच वर्षांचे ट्रान्स्क्रिप्ट (रिटर्नचे अधिकृत उतारे) उतरवून घ्या.

सचोटीची तपासणी २०२५ च्या ऑगस्टपासून अधिक कडक झाली आहे. अधिकाऱ्यांना नुसते गुन्हे नाहीत एवढं न पाहता माणसाचा एकूण व्यवहार पाहायला सांगितलं आहे. अटक, समन्स, रद्द झालेला खटला, ‘रेकॉर्ड पुसलं’ असं वकिलाने सांगितलेलं प्रकरण, हे सगळं फॉर्मवर यायला हवं आणि कोर्टाचा प्रमाणित निकाल सोबत हवा. वेगमर्यादेच्या साध्या तिकिटाचे, दंड ५०० डॉलरच्या आत आणि अटक नसेल तर, कागद जोडावे लागत नाहीत. उल्लेख मात्र करा. पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याच्या दोन शिक्षा असतील तर अर्ज करू नका, आधी वकील गाठा. न्यू जर्सीत गांजा दुकानात मिळतो, पण नागरिकत्व केंद्रीय कायद्याने ठरतं आणि तिथे तो अजूनही गुन्हा आहे. अशा दुकानात नोकरी केली तरी अडचण येते. आणि मोटर व्हेइकल कमिशनमध्ये लायसन्सचं काम करताना चुकून मतदार यादीत नाव गेलंय का, ते तपासून घ्या. आपण नागरिक असल्याचा खोटा दावा केला असा त्याचा अर्थ निघू शकतो आणि तो नुसत्या ‘माहीत नव्हतं’वर मिटत नाही.

अर्ज ऑनलाइन करा: फी ७१० डॉलर, कागदावर ७६०, बोटांच्या ठशांचा खर्च त्यातच. घरचं उत्पन्न गरिबीच्या केंद्रीय पातळीच्या चौपटीच्या आत असेल तर ३८०, पण तो अर्ज कागदावरच जातो. भरण्याच्या दिवशी फी पुन्हा बघून घ्या. पावती आली की ग्रीन कार्डची मुदत आपोआप २४ महिने वाढते, त्यामुळे संपत आलेलं कार्ड केवळ यासाठी नूतनीकरण करायची गरज नाही.

आता परीक्षा. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांतून वीस तोंडी विचारतात, बारा बरोबर हवेत. बारा बरोबर झाले किंवा नऊ चुकले की तिथेच थांबतात. जुन्या शंभर प्रश्नांचे ॲप अजून फिरतायत, ते पुसून टाका. सिनेटर १००, मतदानाचा हक्क असलेले प्रतिनिधी ४३५, घटनादुरुस्त्या २७, असे आकडे एका आठवड्यात बसतात. गव्हर्नर, तुमच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी, ही उत्तरं मुलाखतीच्या दिवशी जी खरी असतील तीच लागतात, म्हणून आदल्या रात्री तपासा. वाचनाला तीनपैकी एक वाक्य, लेखनाला तीनपैकी एक.

माणसं अडखळतात ती या प्रश्नांवर नाही. इंग्रजी बोलणं तपासलं जातं ते फॉर्ममधल्या प्रश्नांवरून, आणि तिथले शब्द रोजच्या वापरातले नाहीत. ‘हॅव यू एव्हर बीन अ हॅबिच्युअल ड्रंकर्ड?’ला आई सवयीने मान डोलावून ‘यस’ म्हणतात आणि अधिकारी विचारतो, म्हणजे काय ते सांगा. ‘हॅव यू एव्हर’ने सुरू होणारे सगळे प्रश्न त्यांना मराठीत समजावून द्या आणि मग इंग्रजीत साध्या शब्दांत सांगायला लावा. ‘प्लीज रिपीट’ म्हणण्यात कमीपणा नाही. न कळता ‘यस’ म्हणणं मात्र महागात पडतं. नापास झालं तर ६० ते ९० दिवसांत फक्त राहिलेल्या भागाची दुसरी संधी मिळते. अर्जच नाकारला तर एन-३३६ ने ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते. मुलाखतीनंतर १२० दिवस उलटले तरी निर्णय नसेल तर फेडरल कोर्टात जाण्याची तरतूद आहे.

शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड परत घेतात आणि प्रमाणपत्र देतात. तिथल्या तिथे खुर्चीत बसूनच वाचा: नाव, जन्मतारीख, स्पेलिंग. बाहेर पडल्यावर दुरुस्तीला एन-५६५ आणि कित्येक महिने लागतात. अर्जात नाव बदलण्याची मुभा असते, आणि इथे पुष्कळ जण मधलं नाव गाळून टाकतात. माझा सल्ला, गाळू नका. वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव पॅनवर, बँकेत, फ्लॅटच्या करारावर आणि सातबाऱ्यावर आहे. इथल्या प्रमाणपत्रावर ते नसलं की प्रत्येक ठिकाणी ‘हाच तो माणूस’ असं प्रतिज्ञापत्र लागतं.

शपथ झाली त्या क्षणी, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, भारतीय नागरिकत्व संपतं. अमेरिकेला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. ग्रीन कार्ड गेलेलं, भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही, आणि अमेरिकन पासपोर्टसाठी मूळ प्रमाणपत्र पाठवलेलं, असे काही आठवडे जातात. त्या काळातली तिकिटं काढून ठेवू नका. अमेरिकन पासपोर्ट आला की व्हीएफएस या भारतीय वकिलातीचं काम पाहणाऱ्या कंपनीमार्फत भारतीय पासपोर्ट सरेंडर करा. उशिराला दंड लागतो. मुलाचाही करायचा, तोही आता भारतीय नागरिक नाही. सरेंडर सर्टिफिकेट असल्याशिवाय ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मिळत नाही. भारतातल्या मतदार यादीतून फॉर्म ७ ने नाव काढून घ्या आणि बँकेला नवी केवायसी द्या.

ओसीआय म्हणजे आजन्म व्हिसा. मत नाही, सरकारी नोकरी नाही, आणि शेतजमीन, फार्महाउस किंवा मळा विकत घेता येत नाही. तुमची साताऱ्याची जमीन वारशाने आलेली आहे, ती ठेवायला अडचण नाही. मात्र विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात घेणाराही शेतकरी असावा लागतो. शेजारचा तुकडा घेऊन बांध सरळ करायचा विचार असेल तर तो शपथेआधीही जमणार नाही, कारण परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असेल तर वारसनोंदीचा फेरफारही आत्ताच करून घ्या. शपथेनंतर तलाठ्याकडे जाताना ओसीआय, प्रमाणपत्र आणि जुन्या पासपोर्टची प्रत असा गठ्ठा लागेल, आणि त्यातल्या प्रत्येक कागदावर नाव सारखंच हवं.